मोडेन, पण वाकणार नाही!

छाटलेल्या फांद्यांचा डोंगर, धुराचा वैताग आणि गोडगोड बोलणारा सेल्समन... सोसायटीसाठी किंवा बंगल्यासाठी गार्डन श्रेडर घ्यायचा विचार करताय? मग चेक फाडण्याआधी एवढं वाचाच!

ओला कचरा एका डब्यात, सुका दुसऱ्या डब्यात. एवढं आता आपल्या सगळ्यांना पाठ झालंय. पण बोगनवेलीच्या सहा फुटी काटेरी फांद्या कुठल्या डब्यात कोंबायच्या, सांगा बघू? जास्वंदीचे दांडके, पेरूच्या फांद्या, पावसाळ्याआधी उतरवलेली गुलमोहराची डहाळी... हा माल ना ओल्यात बसतो, ना सुक्यात. घंटागाडीवाली ताई त्याकडे बघतसुद्धा नाही. आणि तिचंही बरोबरच आहे. तिची गाडी काय ट्रक आहे?

मग हा माल कंपाउंडच्या कोपऱ्यात साठतो. 'होळीला कामी येईल' असं कुणीतरी म्हणतं. होळीला अजून तीन महिने असतात, तोवर ढिगात उंदीर बिऱ्हाड करतात. आणि एका सकाळी कुणीतरी गुपचूप काडी लावतं. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड!

सॉल्व्ह्ड कसला? आमच्या पुण्यातल्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांना दमा आहे. पानगळीच्या दिवसांत, म्हणजे जानेवारी ते मार्च, त्यांच्या खिडक्या कायम बंद. ज्या दिवशी ढीग पेटायचा त्या दिवशी नेब्युलायझर बाहेर यायचा. आणि हो, ढिगापाशी काठी घेऊन उभे राहणारे आमचे माळीकाका तर थेट धुरातच. त्यांना खोकला येतो का, असं कोणी कधी विचारलं नव्हतं.

कायद्याचं म्हणाल, तर २०१६ सालच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच हे स्पष्ट केलं होतं. बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायचा, पालिका सांगेल तशी त्याची विल्हेवाट लावायची. रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेत टाकणं, जाळणं, पुरणं बंद. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५ हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५ हजार रुपये दंड ठरवला. थोडक्यात काय, काडी स्वस्त नाही!

या सगळ्यावर आमच्या जनरल बॉडीत उपाय निघाला, 'श्रेडर घेऊन टाकू.' सगळ्यांनी माना डोलावल्या. चौकशी कोण करणार? फ्रीलान्सर माणूस सोसायटीत असला, की हा प्रश्न पडतच नाही. 'तू घरीच असतेस ना!' झालं, मी गार्डन कमिटीत. त्यानंतरचे तीन आठवडे मी शो-रूम, भोसरीतली वर्कशॉप्स आणि शेजारच्या सोसायट्यांची पार्किंग्ज पालथी घातली. त्यातून जे हाती लागलं, ते हे असं.

आधी ढीग ओळखा

प्रत्येक सेल्समन पहिल्या मिनिटाला एकच आकडा फेकतो. '४० एमएमपर्यंत घेतं, मॅडम!' ऐकायला झक्कास. पण हा आकडा म्हणजे मशीनच्या तोंडात जास्तीत जास्त किती जाड फांदी जाईल, ते. तीसुद्धा ताजी, सरळ आणि मऊ लाकडाची. वाळून खडखडीत झालेली आंब्याची किंवा पेरूची फांदी हा वेगळाच पैलवान असतो. रोजच्या कामात छापील आकड्याच्या निम्मी ते पाऊण जाडी धरून चाला.

आता आपल्या फांद्या किती जाड आहेत, हे कसं कळणार? सोपं आहे. खिशातून दहा रुपयांचं नाणं काढा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर. ढिगातल्या फांद्यांना ते लावून बघा. नाण्याच्या आत मावणाऱ्या किती, बाहेर जाणाऱ्या किती? आमच्या ढिगात बहुतेक सगळा माल नाण्याच्या आतला निघाला. जाड ओंडके मोजकेच. त्या मोजक्या ओंडक्यांसाठी मोठं मशीन घ्यायचं म्हणजे वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यासाठी चार बेडरूमचा फ्लॅट घेण्यासारखं! ओंडके करवतीने कापून वाफ्यांच्या कडेला बॉर्डर म्हणून लावता येतात. निवांत कुजू द्यायचे.

जाडीइतकीच महत्त्वाची आहे फांदीची जात. बोगनवेल वेडीवाकडी, काटेरी, हॉपरमध्ये आडवी अडकणारी. जास्वंदीची साल चिवट. कण्हेर विषारी, म्हणून तिला हात लावताना ग्लोव्हज हवेत, भुगा उडत असताना मास्क हवा, आणि तो भुगा गाई-गुरांच्या तोंडाशी जाता कामा नये. आणि नारळाची झावळी? तिच्याबद्दल थोडं थांबा, ती या गोष्टीतली व्हिलन आहे.

तीन तोंडांची मशीनं

बाहेरून सगळे श्रेडर सारखेच दिसतात. वर नरसाळं, खाली डबा, मध्ये मोटर. खरी गंमत पोटात आहे.

पहिला प्रकार पात्यांचा. आत एक चकती, तिच्यावर धारदार ब्लेड्स, आणि मिनिटाला हजारो फेरे. मिक्सरचा थोरला भाऊ समजा. पानं, कोवळ्या काड्या, वाळका पालापाचोळा याचा मस्त बारीक चुरा करतो. वजनाला हलका, खिशालाही तुलनेने परवडणारा. पण आवाज! शिवाय फांदी हाताने ढकलत राहावी लागते आणि कडक लाकडाने धार लवकर जाते. काही मॉडेल्समध्ये ब्लेड उलटं करून दुसरी धार वापरता येते. घेताना हे नक्की विचारा.

दुसरा प्रकार रोलरचा. याला 'सायलेंट' किंवा 'क्वाएट' श्रेडर म्हणतात. आत जाडजूड दातेरी रोलर असतो आणि तो अगदी रमतगमत फिरतो, मिनिटाला साधारण चाळीसेक फेरे. समोर एक प्लेट. फांदी या दोघांमध्ये चिरडली जाते आणि तुटते. एकदा टोक धरलं की मशीन फांदी स्वतःच आत ओढतं, तुम्ही बाजूला उभे राहायचं. लाकडी फांद्यांचा हा खरा उस्ताद. अडकलं तर रिव्हर्स बटण दाबा, रोलर उलटा फिरून फांदी बाहेर काढतो. तोटा? नुसती ओली पानं आणि मऊ वेली त्याला आवडत नाहीत, त्याभोवती गुंडाळल्या जातात. आणि प्लेट सैल झाली, की फांदीचे तुकडे सालीला लटकत साखळीसारखे बाहेर येतात. तेव्हा बाजूचा स्क्रू जरासा आवळायचा. प्लेट रोलरला हलकीशी घासून अॅल्युमिनियमचा बारीक कीस पडला, की अॅडजस्टमेंट बरोबर. हा 'फंडा' मला एका मेकॅनिकने शिकवला.

तिसरा प्रकार टर्बाइनचा. रोलरच्या जागी कोरीव दात्यांचं नरसाळ्यासारखं कटर. यालाही आवाज कमी आणि हिरवा-लाकडी असा मिक्स माल तो जास्त खुशीने खातो. बॉशच्या 'एएक्सटी' मालिकेतलं '२५ टीसी' हे या जातीचं, तर त्याच मालिकेतली 'रॅपिड' नावाची मॉडेल्स पात्यांची. म्हणजे एकाच कंपनीच्या एकाच रंगाच्या दोन मशीनांची पोटं अगदी वेगळी असू शकतात. तेव्हा नाव बघून नव्हे, झाकण उघडून घ्या. अर्थात प्लग काढून!

यापलीकडे पेट्रोलवरचे चिपर आणि आपल्या वर्कशॉप्समध्ये बनणारे दणकट देशी श्रेडर आहेत. देशी मशीन जाड माल खातं, बिघडलं तर पार्ट गल्लीत मिळतो. फक्त मोटर थ्री-फेज आहे की सिंगल, हे आधी विचारा. सोसायटीच्या बागेत थ्री-फेज पॉइंट बहुतेक वेळा नसतोच. आणि तोंडावर पुरेसं लांब, अरुंद नरसाळं आहे का, ते बघा. का, ते पुढे येतंच आहे.

'कडबाकुट्टी आणा की!'

चौकशी चालू असताना कमिटीतल्या एका काकांनी बॉम्ब टाकला. 'एवढे पैसे कशाला? गावाकडची कडबाकुट्टी आणा. तिप्पट काम करेल.' मीटिंगमध्ये हशा पिकला, पण आयडिया तशी वाईट वाटत नव्हती. कडबा कापतं, ऊस कापतं, मग जास्वंद का नाही?

कोपऱ्यात उभे असलेले माळीकाका तेवढ्यात म्हणाले, 'ताई, ते नको.'

मग मी त्यांना वेगळं गाठलं. म्हणाले, 'वैरण मऊ असती. लाकूड घातलं की पातं तुटून उडतंय. आणि त्यात हातानं रेटावं लागतं. आमच्या थोरल्या भावाची दोन बोटं गेली कुट्टीत. पेंढी पुढं सरकंना म्हणून हातानं ढकलली, एवढंच.'

एवढंच! तीन आठवडे मी वॉट, मिलिमीटर आणि वॉरंटी यांची तक्ते भरत होते. त्यात 'मशीनसमोर कोण उभं राहणार' हा कॉलमच कुणी सांगितला नव्हता. सभेत मत देणारे आम्ही सगळे वरच्या मजल्यांवरचे. मशीनच्या तोंडाशी हात जाणार तो काकांचा.

पुढच्या डेमोला मी त्यांना बरोबर घेऊन गेले. सेल्समन माझ्याशी बोलत होता, काका मशीनशी. त्यांचे प्रश्न ऐका. 'हे तोंड माझ्या छातीला लागतंय, दिवसभर हात वर करून फांदी घालायची का? बंद करायचं बटण कुठल्या बाजूला? उजव्या हातात फांदी असंल तर डावा हात पोचंल का? ढकलायला काठी देताय का हातानं ढकलू? झाकण उघडलं तर बंद पडतंय का चालूच राहतंय?' मग त्यांनी मशीन बंद असताना नरसाळ्यात खांद्यापर्यंत हात घातला. बोटं पात्यापर्यंत पोचत नाहीत, हे स्वतः बघितलं. 'हां, आता बोला,' म्हणाले.

कुठल्याही ब्रोशरमध्ये सापडणार नाही, अशी ही टेस्ट आहे. चांगल्या श्रेडरचं नरसाळं मुद्दाम लांब आणि अरुंद असतं, ते याचसाठी. ते गैरसोयीचं वाटतं म्हणून कापून रुंद करून घेणारे महाभागही मला भेटले. प्लीज, हे करू नका.

वायरमनला विसरू नका

आता थोडं गणित, घाबरू नका. घरगुती श्रेडर साधारण २ हजार ते अडीच हजार वॉटचे असतात. २,५०० भागिले २३० व्होल्ट म्हणजे जवळपास ११ अँपियर. वॉचमनच्या केबिनमधला मोबाइल चार्जिंगचा छोटा पॉइंट असतो ६ अँपियरचा. तिथे श्रेडर लावला तर आधी प्लग तापेल, मग केबिन अंधारात. १६ अँपियरचा पॉवर पॉइंट, व्यवस्थित अर्थिंग आणि एमसीबी हवंच. एक्स्टेंशन लागत असेल तर निदान अडीच स्क्वेअर एमएमची जाड वायर घ्या आणि पूर्ण उलगडून वापरा. बारीक, लांब वायरमधून व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते. मग दोष मशीनला!

मशीनच्या पाठीवरची छोटी पट्टीही वाचा. तिथे 'एस६ ४० टक्के' किंवा 'पी४०' असं लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ दर दहा मिनिटांत चारच मिनिटं पूर्ण लोड आणि सहा मिनिटं रिकामं फिरणं. म्हणजे पट्टीवरचा मोठा वॉटचा आकडा ही पूर्ण वेळची ताकद नाही. 'एस१' असेल तर सलग कामाची ताकद. दोन मशीनांची तुलना करताना एकाचा एस६ आणि दुसऱ्याचा एस१ आकडा शेजारी ठेवला, तर तुलनाच चुकते.

आणि आवाज. पात्यांच्या मशीनवर साउंड पॉवरचा आकडा शंभर डेसिबलच्या आसपास दिसतो, रोलरच्या मशीनवर नव्वदीच्या. वाटतं, दहाचाच तर फरक! पण डेसिबलमध्ये दहा वाढले, की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. नाईट शिफ्ट करून झोपलेल्या आयटीवाल्या शेजाऱ्याच्या दृष्टीने हा फरक म्हणजे मैत्री आणि दुश्मनी यांच्यातला फरक. मशीन चालवणाऱ्याच्या कानाचं तर सोडाच. इअरमफ आणि गॉगल मशीनच्या बजेटमध्येच धरा. वेगळे ठेवलेले कधीच विकत घेतले जात नाहीत.

चुऱ्याचं काय करायचं?

हा प्रश्न मशीन घेण्याआधी विचारा. कारण ढीग गायब होत नाही, फक्त बारीक होतो. पण बारीक झालेला ढीग ही कमाई आहे.

कंपोस्टचं साधं तत्त्व असं, की कार्बन आणि नायट्रोजन यांचं प्रमाण साधारण २५ ते ३० ला एक असलं की खत छान होतं. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात नायट्रोजन भरपूर, म्हणून नुसता तोच साठवला की पाणी सुटतं आणि वास मारतो. लाकडाच्या चुऱ्यात उलट कार्बनच कार्बन. दोघांची जोडी जमवा. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर चुऱ्याचा थर. वास गेला, हवा खेळती राहिली आणि विकतचं कोकोपीट वाचलं.

उरलेला चुरा झाडांच्या बुंध्याभोवती दोन-तीन इंच पसरा, खोडाला न चिकटवता. उन्हाळ्यात मातीतला ओलावा टिकतो. फक्त ताजा चुरा मातीत खणून मिसळू नका. कुजताना तो मातीतला नायट्रोजन खातो आणि झाडं पिवळी पडतात. नुसत्या वाळक्या पानांसाठी तर मशीनचीही गरज नाही. जाळीच्या पिंजऱ्यात भरा, पाणी शिंपडा, विसरून जा.

दुकानात जाताना...

• आपल्याच ढिगातली एक मोळी घेऊन जा. ताजी जास्वंद, वाळकी फांदी, बोगनवेल आणि मूठभर ओली पानं. शो-रूममधली गोजिरवाणी फांदी कुठलंही मशीन कापतं.
• जो चालवणार आहे, त्याला बरोबर न्या. बटण, उंची, नरसाळं त्याला तपासू द्या.
• झाकण उघडल्यावर मोटर बंद होते का? ओव्हरलोडला ट्रिप होऊन, थंड झाल्यावर पुन्हा चालू होते का?
• ब्लेड किंवा प्लेटचा सुटा पार्ट कुठे, किती दिवसांत मिळतो? 'मागवून देऊ' हे उत्तर नाही.
• चाकं आणि वजन बघा. रोलर मशीन पंचवीस-तीस किलोचं सहज असतं. जिन्यावरून कोण उचलणार?
• फांद्या छाटण्याआधी पालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते का, ते विचारून घ्या. आपल्याकडे १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि तो सोसायटीच्या झाडांनाही लागू होतो.

घ्यायचं की नाही?

खरं सांगू? तुमच्याकडे टेरेसवर वीस कुंड्या असतील तर श्रेडर घेऊच नका. एक चांगली कात्री आणि रविवारचा एक तास पुरतो. बोटभर लांबीचे तुकडे कुंडीच्या तळाशी घातले की झालं. छोटा बंगला असेल, छाटणी वर्षातून दोनदाच होत असेल, तर भाड्याने आणा किंवा शेजाऱ्यांबरोबर भागीदारी करा. मोठी सोसायटी, दर महिन्याला ढीग, ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट चालू, अशा ठिकाणी मात्र श्रेडर पैसे वसूल करतो.

आणि घेतलात, तर तो पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली झोपणार नाही ना, हे बघा. आमच्या शेजारच्या एका सोसायटीत असाच एक कुंभकर्ण दोन वर्षं झोपलाय. चांगलं महाग, पात्यांचं मशीन. पहिल्याच आठवड्यात त्यात नारळाच्या झावळ्या घातल्या, तंतू शाफ्टभोवती गुंडाळले, मोटर जळली. माळ्याला आधी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. झावळी म्हणजे व्हिलन म्हटलं होतं ना, ती हीच! आमचे काका झावळ्या मशीनजवळ फिरकूही देत नाहीत. हीर सोलून खराटे बांधतात. उरलेला पाला कोयत्याने तोडून ढिगाच्या तळाशी.

आम्ही शेवटी रोलरचं मशीन घेतलं, तीन सोसायट्यांत मिळून. आठवड्यातून एक सकाळ प्रत्येकाची, अकरानंतर. काकांच्या छातीऐवजी कमरेच्या उंचीला तोंड यावं म्हणून त्यांच्यासाठी लाकडी पाट करून घेतला आणि मशीन चालवण्याच्या सकाळचे जास्तीचे पैसेही ठरवले. हा ठराव मशीनच्या ठरावापेक्षा जास्त वेळ चालला, पण पास झाला. या वर्षी पानगळीत आजींच्या खिडक्या बऱ्याच दिवस उघड्या होत्या. रोज नाही, कारण पलीकडच्या प्लॉटवर अजूनही कुणीतरी काडी लावतंच. तिथल्या सेक्रेटरींना आमच्या मशीनचा डेमो बघायला बोलावलंय.

येताना माळ्यालाही घेऊन या, असा निरोप दिलाय.